खार, आंबट आणि ऊन

सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फजलने अकबराच्या राज्याचा तपशीलवार हिशेब 'ऐन-ए-अकबरी'त मांडला. त्यात वऱ्हाडच्या सुभ्याबद्दल लिहिताना मेहकरजवळच्या लोणारचा उल्लेख येतो. ब्राह्मण या जागेला विष्णुगया मानतात, इथं खाऱ्या पाण्याचं मोठं तळं आहे, काच आणि साबण करायला लागणारा माल इथून निघतो आणि त्यातून चांगला महसूल येतो, अशी ती नोंद. उल्का आदळून झालेलं ते विवर बघायला आज जगभरातून भूशास्त्रज्ञ येतात. मोगल कारकुनाच्या नजरेत मात्र भरला होता साबणाचा खार.

तो खार होताही भरण्यासारखा. उन्हाळ्यात तळं आटू लागलं की काठावर क्षारांचे पापुद्रे जमत. ते खरवडणाऱ्या लोकांनी त्यांची वर्गवारी केली होती: दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. कुठला खडा काचेच्या भट्टीला द्यायचा, कुठला रंगाऱ्याला आणि कुठला धुण्याला, हे त्या नावांवरून ठरे. रसायनाच्या भाषेत ही बहुतेक सगळी सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेट यांची कमीजास्त मिसळ, म्हणजे ज्याला आज बाजारात धुण्याचा सोडा म्हणतात त्याचंच नैसर्गिक रूप.

साबणाची वडी महाराष्ट्राच्या घराघरांत पोचली त्याला जेमतेम शंभर वर्षं झाली. त्याआधी लोक मळके कपडे घालून हिंडत होते असं नाही. धुणं होत होतं, डागही निघत होते आणि त्यासाठी पदरचा पैसा फारसा खर्च होत नव्हता. सगळा कारभार तीन गोष्टींवर चाले: खार, आंबट आणि ऊन. यातलं कुठलं केव्हा वापरायचं आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे केव्हा वापरायचं नाही, यातच सारी विद्या होती.

लोणारचा खार काही प्रत्येक गावात पोचत नव्हता. तिथं चुलीतली राख कामाला येई. मडक्यात राख घालून वर पाणी ओतायचं, रात्रभर ठेवायचं आणि वरचं निवळ पाणी हलक्या हाताने निथळून घ्यायचं. या पाण्यात पोटॅशियम कार्बोनेट उतरलेलं असतं. सगळी राख सारखी नसते हेही माहीत होतं. केळीच्या वाळलेल्या खुंटाची आणि आघाड्याची राख यांत खार जास्त, म्हणून त्यांना मान जास्त. असं पाणी बोटांना बुळबुळीत लागतं, कारण खार कातडीवरच्या तेलकटपणाचाच किंचित साबण करून टाकतो. कापडावरही हेच घडतं. अंगाचं तेल आणि घाम मुरलेल्या धोतराला खाराचं पाणी आणि उष्णता मिळाली की मळातल्या तेलाचाच साबण होतो, आणि तोच उरलेली घाण घेऊन बाहेर पडतो. साबण विकत आणायची गरजच काय, तो कपड्यातच असतो!

पण हा उपाय सुती कापडापुरता. रेशीम आणि लोकर प्राण्यांपासून येतात, आणि तीव्र खार त्यांचे धागे खातो. त्यांच्यासाठी रिठा. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन नावाची फेसाळ द्रव्यं असतात आणि तिचं पाणी खारट नसून किंचित आंबटाकडे झुकलेलं असतं, त्यामुळे रेशमाची लकाकी जात नाही. पैठणी, शालू, शालजोडी यांच्या वाट्याला म्हणून पिढ्यान्‌पिढ्या रिठाच आला. प्राचीन धर्मशास्त्रकारांनीही कापडागणिक वेगळं द्रव्य सांगून ठेवलं आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात रेशीम आणि लोकरीला खारी माती, पहाडी कांबळ्यांना रिठा, तलम वस्त्रांना बेलफळ आणि जवसाच्या धाग्याच्या कापडाला पांढरी मोहरी अशी यादी येते. रेशमाला खारी माती हा सल्ला आज कुणी पैठणीच्या धनिणीला दिला, तर तिला मनूवर राग धरायला आणखी एक कारण मिळेल. तरी एकच एक औषध सगळ्या कापडांना चालत नाही, एवढी समज त्या यादीत नक्की आहे.

कौटिल्याने तर धोब्यांसाठी कायदाच केला. लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत शिळेवरच कपडे धुवावेत, खडबडीत दगडावर आपटून फाडले तर नुकसानभरपाई आणि वर सहा पण दंड. धोब्याने स्वतःच्या कपड्यांवर मुद्गराची खूण ठेवावी. ती नसलेलं, म्हणजे गिऱ्हाइकाचं कापड अंगावर दिसलं तर तीन पण दंड आणि ते कुणाला विकलं, भाड्याने दिलं किंवा गहाण टाकलं तर बारा. कपडे परत करायची मुदतही रंगानुसार ठरलेली होती: पांढऱ्याला एक रात्र, फिक्या रंगाला पाच, निळ्याला सहा आणि लाखेच्या किंवा मंजिष्ठाच्या लालाला सात. गिऱ्हाइकाचा कोट घालून लग्नाला जाणाऱ्या लाँड्रीवाल्याचे विनोद अर्थशास्त्राइतके जुने आहेत, असं म्हणायला हरकत नाही.

मराठी गावगाड्यात हे काम परटाचं. बारा बलुतेदारांत त्याची गणना होई आणि मोबदला सुगीला धान्याच्या रूपात मिळे. त्याची खरी करामत होती भट्टी. खाराच्या पाण्यात भिजवून पिळलेले कपडे उकळत्या हंड्याच्या तोंडावर उतरंडीसारखे रचायचे, वरून झाकायचे आणि रात्रभर वाफ द्यायची. सर्वांत मळके खाली, बरे वर. सकाळी ते नदीवर नेऊन दगडावर आपटायचे, वाहत्या पाण्यात खळबळून काढायचे आणि ओले असतानाच काठावर पसरायचे. ओलं कापड, ऊन आणि हवा एकत्र आली की उरलेसुरले रंगीत डाग विरत जातात. घरच्या धुण्याला न जुमानणारे डाग भट्टीत जात, ते या तिहेरी माऱ्यामुळे.

ज्याच्या हातून सगळ्या गावाचे कपडे स्वच्छ होत, त्याच्या हातचं कापड सोवळ्यात चालत नसे. परटाकडून आलेलं धोतर घरच्या पाण्यातून पुन्हा काढल्याशिवाय पूजेला नेसता येत नव्हतं. बाळंतिणीचे आणि सुतकातले कपडेही त्याच्याच गळ्यात असत. डाग काढायचं काम ज्याचं, विटाळही त्याचाच, असा तो न्याय होता. याच जातीत १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले आणि पुढे गाडगेबाबा झाले. त्यांनी हातात खराटा घेतला तो कपड्यांच्या मळासाठी नव्हे, पण मळ काढणाऱ्याकडे बघण्याची गावाची नजर त्यांना कीर्तनाच्या कितीतरी आधीपासून ठाऊक असणार.

मुंबई वाढली तसा हा व्यवसाय बलुत्यातून रोख पैशावर आला. आजच्या धोबीतलावात तलाव उरलेला नाही, नाव तेवढं आहे. धुण्याची मोठी जागा पुढे महालक्ष्मीला झाली. १८९० च्या सुमारास तिथं दगडी हौद बांधले गेले आणि रेल्वेच्या पुलावरून दिसणारं ते दृश्य आता पर्यटकांच्या यादीत गेलं आहे. अशा ठिकाणी हजारो घरांचे सदरे एका हौदात पडत आणि तरीही ज्याचे त्याला परत मिळत. ही किमया होती बिब्ब्याची.

बिब्बा हे फळ म्हणजे डागांच्या इतिहासातला खलनायक आणि नायकही. त्याच्या टरफलातला काळा चीक कापडाला लागला की कशानेच जात नाही. चुन्याबरोबर तर तो आणखी पक्का बसतो. ज्या परटाने आयुष्यभर दुसऱ्यांचे डाग काढले, त्याने हा न निघणारा डाग आपल्या धंद्याची खूण केली. कॉलरच्या आत किंवा धोतराच्या कोपऱ्यात टोचणीने काढलेल्या रेघा, ठिपके आणि फुल्या हीच त्याची खतावणी. प्रत्येक घराला एक खूण, आणि ती वाचायला अक्षरओळख लागत नव्हती. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर अचानक खाजरे चट्टे उठू लागले. डॉक्टरांनी शोध घेतला तर चट्टे नेमके धोब्याच्या खुणेखाली! बिब्ब्याच्या चिकाची ती ॲलर्जी होती. तिच्यावरचा लेख १९४३ साली अमेरिकेच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. बिब्ब्याला हात लावताना जपायचं, हे गावाकडच्या पोराला सांगायला मात्र कुणी डॉक्टर लागत नव्हता.

परटाकडे आठवड्याची मोट जाई, पण डाग काही आठवड्याचा मुहूर्त बघून पडत नाही. तो पडल्या पडल्या काढायचा तर घरच्याच बाईला काढावा लागे, आणि तिचं दुकान म्हणजे स्वयंपाकघर. तुपाच्या किंवा तेलाच्या डागावर शंखजिऱ्याची पूड नाहीतर बेसन दाबून ठेवायचं, ते तेल शोषून घेतं. फणसाचा चीक पाण्याला दाद देत नाही, त्याला खोबरेल चोळायचं. डांबराला आणि वंगणाला रॉकेल. लोखंडाच्या गंजाला लिंबू आणि मीठ, कारण लिंबातलं आम्ल गंजातलं लोह बांधून घेतं आणि ते पाण्याबरोबर निघून जातं. पानाच्या पिंकेला दही किंवा ताक. कात आणि चुना एकत्र आल्यावर जो लाल रंग खुलतो, तो आंबटाने फिका पडतो. केळफूल सोलताना उडालेला चीक आणि काजूच्या बोंडाचा रस यांच्यापुढे मात्र सगळे हात टेकत. कोकणात बोंडं गोळा करायला जाताना अंगात जुनेरच असतं, त्यामागे हेच शहाणपण आहे.

शाईची गोष्ट जरा वेगळी. पोथ्या लिहिणारी जुनी शाई काजळाची, ती म्हणजे नुसता कोळसा, त्यामुळे कापडावर बसली की रासायनिक उपाय चालत नाहीत. शाळांमधून दौत-टाक आणि मग फाउंटन पेन आलं, तेव्हा मराठी घरांत डागांची नवी जात शिरली. गिरगावात दांडेकरांनी १९३१ साली सुरू केलेल्या आणि पुढे कॅम्लिन म्हणून नावारूपाला आलेल्या उद्योगाचा पहिला माल शाईचाच होता. तिथपासून कित्येक पिढ्यांच्या गणवेशाच्या खिशाखाली निळा नकाशा उमटत राहिला. धुवून जाणारी निळी शाई दुधात भिजवली तरी फिकी पडे. पक्क्या निळ्या-काळ्या शाईत मात्र लोहाचा क्षार असे. ती हवेत काळी पडत जाई, आणि तिच्यावर गंजाचाच इलाज, लिंबू आणि मीठ.

या सगळ्यांत महाराष्ट्राचा खरा पेच आहे तो हळदीचा. वरणाचा थेंब पांढऱ्या सदऱ्यावर पडतो. हळदीतलं कुर्कुमिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं, म्हणून फोडणीच्या तेलाबरोबर ते सुतात खोल उतरतं. घाईघाईने साबण लावावा तर पिवळा डाग डोळ्यांदेखत रक्तासारखा लाल होतो. नव्या संसारातल्या कितीतरी मुली या क्षणी घाबरल्या असतील. घाबरण्याचं कारण नाही. कुर्कुमिन खाराच्या संपर्कात आलं की लाल होतं, एवढाच त्याचा अर्थ. रसायनशास्त्रज्ञांनी याच गुणाचा उपयोग करून हळदीत बुडवलेल्या कागदाने खार ओळखायची चाचणी केली. व्होगेल आणि पेल्तिए या दोघांनी १८१५ साली हळदीतलं हे द्रव्य वेगळं काढलं आणि त्याची रचना कळायला १९१० साल उजाडलं.

सोलापूर जिल्ह्यातल्या केम गावाचं पोट मात्र कधीपासून याच रसायनावर भरत आलं आहे. हळदीला चुना किंवा टाकणखार आणि लिंबाचा रस यांची प्रक्रिया दिली की कुंकू तयार होतं. धुणं करणारीला जो अपघात वाटतो, तोच केमचा धंदा. कपाळावर तो सौभाग्याचा, पदरावर तोच कटकटीचा.

हा लाल डाग लिंबाने पुन्हा पिवळा होतो, पण जात नाही. तो जातो उन्हाने. कुर्कुमिनचा रेणू प्रकाशात तुटतो आणि तुटला की त्याचा रंग उरत नाही. साबणाने तेल काढून टाकायचं आणि कापड ओलंच कडक उन्हात पसरायचं, दोन-तीन उन्हांत पांढरं. जुन्या बायका हळदीच्या डागाला 'उन्हात टाक' एवढंच सांगत, त्यात पूर्ण शास्त्र होतं. इतका स्वस्त आणि इतका खात्रीचा उपाय दुसऱ्या कुठल्या डागाला मिळालेला नाही.

ऊन फुकट होतं, पण सगळ्यांना नव्हतं. रक्ताच्या डागाचा नियम प्रत्येक मुलीला आईकडून मिळे: गार पाण्यात, मीठ घालून, गरम पाणी चुकूनही नाही. रक्तातली प्रथिनं उष्णतेने गोठतात आणि सुताला धरून बसतात, म्हणून हा नियम अचूक आहे. मात्र पाळीच्या घड्या धुऊन झाल्या की त्या उन्हात टाकता येत नसत. माळ्याच्या कोपऱ्यात, न्हाणीघराच्या काळोखात, परकराच्या खाली लपवून त्या दमटच वाळत. जंतू मारणारं आणि डाग विरवणारं सगळ्यात स्वस्त औषध अंगणात पडलेलं असताना ज्या कापडाला त्याची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ते वर्ज्य. घरगुती शहाणपणाच्या कौतुकात ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही.

साबण आला तो समुद्रमार्गे. १८८८ च्या उन्हाळ्यात कलकत्त्याच्या बंदरात लिव्हर बंधूंच्या सनलाइट साबणाच्या पेट्या उतरल्या. पण विलायती साबणात जनावराची चरबी असते, ही धास्ती इथल्या घरांत होती आणि ती निराधार नव्हती. मुंबईत अर्देशीर गोदरेज यांनी कुलपं आणि तिजोऱ्यांच्या जोडीला १९१८ च्या सुमारास वनस्पती तेलाचा साबण काढला, तो या धास्तीवरचा उतारा. स्वदेशीच्या लाटेत तो चालला. टाटांच्या तेल गिरणीचा ५०१ बार आला आणि धुण्याच्या दगडाशेजारी पिवळ्या वडीला कायमची जागा मिळाली.

दख्खनच्या विहिरींनी मात्र साबणाची जिरवली. काळ्या कातळातून आलेल्या जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट चुन्याशी मिळून त्याचा राखाडी चोथा होतो आणि तो पांढऱ्या कपड्यावर बसतो. धोतर स्वच्छ होण्याऐवजी पिवळट-करडं होत जातं. यावर नीळ आली. नीळ मळ काढत नाही, फक्त पिवळेपणाला निळ्या छटेने झाकते. डोळ्यांची फसवणूक म्हणावी तर ती सर्वांना मान्य असलेली फसवणूक. पुढे टिनोपॉल आलं. ते उन्हातला न दिसणारा प्रकाश घेऊन निळसर उजेड परत फेकतं. मग १९८३ साली उजाला आलं आणि निळीची पुडी फडक्यात बांधायची कटकट गेली. खादीच्या टोपीचा आणि पुढाऱ्याच्या परीटघडीच्या सदऱ्याचा डोळे दिपवणारा पांढरेपणा हा नीळ, टिनोपॉल आणि खळ यांचा संयुक्त पराक्रम आहे. खालचा मळ किती निघाला, हा वेगळा विषय.

जड पाण्यालाही न जुमानणारी पावडर १९५९ साली सर्फच्या रूपाने आली. पण ती मध्यमवर्गालाही महाग पडे. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल या सरकारी नोकरीतल्या रसायनतज्ज्ञाने घराच्या मागच्या अंगणात पिवळी पावडर मिसळायला सुरुवात केली आणि सायकलवरून दारोदार विकली. मुलगी निरुपमा हिच्यावरून तिचं नाव ठेवलं निरमा. किंमत सर्फच्या जवळपास पाव. काही वर्षांत ती वस्ती-वाड्यांतून पसरली आणि ऐंशीच्या दशकात सर्फला जाहिरातीतल्या ललिताजींना टीव्हीवर आणून स्वस्त आणि चांगलं यांतला फरक समजावून सांगावा लागला.

निरमा इतकी स्वस्त कशी? तिच्यात मोठा वाटा होता सोडा ॲशचा, म्हणजे सोडियम कार्बोनेटचा. एकोणिसाव्या शतकात सॉल्वेच्या पद्धतीने मीठ आणि चुनखडीपासून तो कारखान्यात बनू लागला होता आणि १९३९ मध्ये टाटा केमिकल्सची स्थापना होऊन गुजरातच्या किनाऱ्यावर मिठापूरला त्याचं उत्पादन उभं राहिलं. कारखान्याच्या सोड्यापुढे लोणारचा खरवडलेला खार टिकणं शक्य नव्हतं. तळ्याकाठचा तो धंदा बसला. मात्र पुडीत जे आलं ते त्याच्याच जातीचं होतं. निरमाने हातांची साल निघते, ही बायकांची तक्रार खाराइतकीच जुनी, आणि निरमाच्या पाण्यात हळदीचा डाग तसाच लाल होई जसा राखेच्या पाण्यात होत असे.

पुढच्या पावडरींत एन्झाइम आली. ती रक्त, दूध, अंडं यांची प्रथिनं तोडतात, त्यामुळे गार पाणी आणि मिठाचा नियम निम्मा विस्मरणात गेला. ब्लीच आलं, आणि त्याबरोबर रंगीत साड्यांवर पांढरे ठिपके पाडून घेण्याची नवी हळहळही आली. फ्लॅटच्या बाल्कनीत ऊन दीड-दोन तासांपुरतं उरलं. हळदीच्या डागांना त्यामुळे पूर्वीपेक्षा जास्त दिवस मुक्काम करायला मिळतो.

लग्नातल्या हळदीचा प्रश्न मात्र मराठी घरांनी धुण्याच्या वाटेला न जाताच सोडवला होता. नवरीला हळदीत बुडवून पिवळं केलेलं पातळ वस्त्र, अष्टपुत्री, नेसवत. आधीच पिवळ्यावर पिवळं किती दिसणार? गेल्या काही वर्षांत शहरांतल्या हळदी समारंभांचा थाट वाढला, आमंत्रणाच्या संदेशात 'सर्वांनी पिवळे कपडे घालून यावे' अशी ओळ दिसू लागली आणि दुकानांतून त्या दिवसासाठी खास पिवळे कुर्ते विकले जाऊ लागले. फोटोसाठी म्हणून सुरू झालेली ही प्रथा, पण वऱ्हाडातल्या काकू-मावश्या ती फोटोसाठी पाळत नाहीत. उटण्याचे हात पुसायला त्यांना जवळचा कुणाचाही खांदा चालतो, आणि ज्याचा सदरा पांढरा असेल त्याचा तर हमखास.